सांचिन आणि श्रमश्वास



पन्नाशीकडे झुकलेले एक गृहस्थ चिकित्सालयात आले. डोके जड होणे व डोळ्यांपुढे अंधारी येणे ही तक्रार, रक्तदाब १६०/१००. विहाराची चौकशी करता कळले की, कराटेतील ‘सांचिन’ हा काता ते वर्षभर नित्य करीत असून सर्वांग आवळून श्वास कोंडून धरीत. त्यांना तसेच शिकविले गेले होते.

सांचिन म्हणजे ‘तीन लढाया’. शरीर, श्वास व मन यांवरील जय, असा त्याचा अर्थ लावतात. कान्र्यो हिगाओन्ना यांनी चीनमधील फुझौ येथे विद्या संपादून ती ओकिनावातील नाहा येथे रुजविली. त्यांचे शिष्य चोजुन मियागी (१८८८-१९५३) यांच्या गोजु-र्यू परंपरेत हा काता पायाभूत मानला जातो. पावलांची बोटे किंचित आत, गुडघे थोडे वाकलेले, कटी स्थिर आणि प्रत्येक हालचाल श्वासाशी बांधलेली. स्थैर्य व बल देणारी इष्ट शरीरचेष्टा, ही चरकाचार्यांची व्यायामाची व्याख्या येथे चपखल बसते. म्हणून परका म्हणून तो झिडकारणे मला मान्य नाही. मी स्वतः त्याचा अभ्यास करतो.

मात्र चरकसंहितेच्या त्याच अध्यायात, म्हणजे सूत्रस्थानाच्या सातव्यात, श्रमश्वासाचा वेग रोधल्याने गुल्म, हृद्रोग व संमोह होतात असे सांगितले आहे. स्नायू आवळून श्वास कोंडल्यास रक्तदाब एकाएकी चढतो, हे आधुनिक शरीरक्रियाशास्त्रही सांगते. कुंभकाचा दाखला देऊन याचे समर्थन केले जाते. परंतु कुंभक स्थिर आसनात, क्रमाक्रमाने वाढवावयाचा असतो, धाप लागलेली असताना नव्हे.

सुश्रुताचार्यांनी व्यायामास अर्धशक्तीची मर्यादा घातली आहे. हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागला, की थांबावे. या गृहस्थांचा काता रक्तदाब आटोक्यात येईपर्यंत थांबविला, चालू औषधे सोडू दिली नाहीत. पुढे शिथिल अंगाने, दीर्घ व मोकळ्या उच्छ्वासासह तोच काता पुन्हा सुरू करविला.

आपण रुग्णास ‘व्यायाम करता का?’ एवढेच विचारून पुढे जातो. ‘व्यायाम करताना श्वास कसा घेता?’ हा प्रश्नही रुग्णपरीक्षणात आवर्जून असावा, अशी माझी सर्वांस विनंती आहे.