पिंगळ्याला दगड का मारता?

आमच्या घरामागे निंबाचे एक म्हातारे झाड आहे. त्याच्या ढोलीत पिंगळे राहतात. दिवस मावळला की ते फांदीवर येतात, मान खालीवर करतात आणि चिरक चिरक ओरडतात. मग गल्लीतले कोणीतरी म्हणते, "हाकला रे त्याला, कोनाचं तरी वाईट होईल." आणि आम्ही मुले गलोल घेऊन पळतो.

मागच्या उन्हाळ्यात मीपण दगड मारला. तो लागला. सकाळी पिंगळा झाडाखाली मरून पडला होता. त्यानंतर पुष्कळ दिवस फांदीवर एकच पिंगळा बसायचा. आमच्या गल्लीत त्या वर्षी कोणाचे काही वाईट झाले नाही. वाईट झाले ते पिंगळ्याचेच.

नंतर गुरुजींनी वर्गात रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. तो आपल्या पिंगळ्याचा रानातला भाऊ. आपल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, त्याचे डोके जवळजवळ साधेच असते. चोच आणि नख्या जास्त दणकट. तो दिवसाउजेडी शिकार करतो. 1884 नंतर हा पक्षी कोणालाच सापडला नाही. लोक म्हणाले, संपला.

मधेच एका इंग्रज साहेबाने लबाडी केली. मायनर्ट्झहागन त्याचे नाव. मी 1914 साली गुजरातेत तापीकाठी मांडवीला रानपिंगळा मारला, असे तो म्हणाला. खरे तर तो भुसा भरलेला जुना पक्षी त्याने संग्रहालयातून चोरला होता आणि त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. त्याच्यावर भरवसा ठेवून शोधणारे लोक भलत्याच ठिकाणी शोधत बसले! पामेला रासमुसेन या अमेरिकेच्या बाईंनी ही चोरी पकडली. मग त्यांनी जुन्या खऱ्या चिठ्ठ्या वाचल्या आणि बेन किंग व डेव्हिड ॲबॉट यांच्याबरोबर त्या आपल्या खान्देशात आल्या. 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना रानपिंगळा दिसला. 113 वर्षांनी! पुढे मेळघाटात आणि आपल्या जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यातही तो सापडला.

तुम्ही म्हणाल, तो रानातला, हा गावातला, याचा त्याच्याशी काय संबंध? संबंध ढोलीचा आहे. दोघांनाही झाड कोरता येत नाही. सुताराने कोरलेल्या किंवा आपोआप पडलेल्या भोकात ते अंडी घालतात. असे भोक कोवळ्या झाडाला नसते, जुन्या झाडाला असते. आणि आपण पहिले तेच झाड तोडतो, का तर ते पोकळ झाले.

आमच्या निंबाचेही तेच ठरले होते. मी बाबांना म्हटले, पिंगळा उंदीर खातो, टोळ खातो, आपल्या हरभऱ्याचा तो बिनपगारी राखणदार आहे. बाबा हसले. आजी मात्र रागावली. मग मी तिलाच विचारले, "आजी, पहाटे कंदील घेऊन पिंगळा जोशी यायचा, तो पिंगळ्याची भाषा जाणतो म्हणून तू त्याला सूपभर दाणे द्यायची ना? मग ज्याची भाषा त्याला दगड कसा?" आजी काही बोलली नाही. पण आता पिंगळा ओरडला तर ती हाकला म्हणत नाही.

बाबा म्हणाले, दिवाळीपर्यंत झाड राहू दे, मग पाहू. मला वाटते, दिवाळीनंतरही ते राहावे. यंदा त्या एकट्या पिंगळ्याला जोडीदार मिळाला आहे. आईवडिलांनो, तुम्ही शाळेत आलाच आहात तर संध्याकाळी आमच्या घरामागे या. दोघे शेजारी शेजारी बसलेले दिसतील. मुलांनीही यावे, फक्त गलोल घरी ठेवून यावे. माझी मी चुलीत घातली आहे.