आधीं फडकें, मग फवारा

संत्र्याच्या बागेस नवी पालवी फुटूं लागली म्हणजे बागाईतदारास फवाऱ्याची घाई होते. शेजाऱ्यानें औषध मारलें, दुकानदारानें डबा पुढें केला, एवढ्यावरून पंप खांद्यावर चढतो. झाडावर किडी कोणत्या व किती, हें मात्र कोणी पाहत नाहीं. ही चाल सोडावी असें आमचें स्पष्ट मत आहे; कारण फवारा शत्रु व मित्र असा भेद करीत नाहीं.

कॅलिफोर्नियांतील संत्र्या-लिंबांच्या बागा पांढऱ्या खवलेकिडीनें बुडूं लागल्या, तेव्हां १८८८-८९ सालीं ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या लहानशा ढालकिड्यानें त्या तारल्या. पुढें १९४० नंतरच्या दशकांत डी. डी. टी. फवारतांच ढालकिडे मेले व तीच कीड पुन्हां माजली.

पाहण्याचें साधन घरींच होतें. दोन हात लांब-रुंद पांढरें मांजरपाट घेऊन पतंगाप्रमाणें दोन कामट्यांवर ताणावें. सकाळीं, ऊन चढण्यापूर्वीं, तें पालवीखालीं धरून फांदीवर काठीनें हलकेच तीन टोले द्यावे. आंतून पांढरें कापड लावलेली उलटी छत्रीही चालते. पडलेले बारीक जीव टिपण्यास रुंद तोंडाची बाटली, बूच व दोन नळ्या पुरेत. एक नळी किड्यावर धरावी, दुसरीनें तोंडानें हवा ओढावी. या दुसरीचें आंतलें टोंक तलम कापडानें बांधावें. औषध मारलेल्या झाडावर मात्र ही बाटली तोंडास लावूं नये.

मागील भाग उचलून बसणारी पिंगट सिला फडक्यावर ओळखूं येते. ती पालवीचा रस शोषते व ग्रीनिंग रोग पसरविते. तेथेंच ढालकिडे व धांवते कोळी दिसतील. हे आपले राखणदार होत. पानांचा रस शोषणारे बारीक लाल कोळी निराळे. सिलाचीं अंडीं व पिलें टोल्यानें पडत नाहींत. तीं पालवीवर भिंगानें पाहावीं.

दर आठवड्यास कांहीं ठराविक झाडांवर असें पाहून आकडे वहींत टिपावे. सिला वाढत असेल तर जाणत्याच्या सल्ल्यानें अवश्य फवारावें. नसेल तर डबा कपाटांतच राहूं द्यावा. एवढा वेळ कोणास आहे, असें कोणी म्हणेल. परंतु राखणदार मारून पुन्हां पुन्हां फवारण्यास जो वेळ व पैसा जातो, त्यापुढें ही एक सकाळ कांहींच नव्हे.