कमानीवर लावा, नावाला हात नको

फुटबॉल क्लबाचं नाव किंवा बोधचिन्ह बदललं की चाहते चिडतात, आणि चाहते चिडले की शहाणी माणसं हसतात. मैदान तेच, चेंडू तोच, खेळाडूही बहुतेक तेच. मग छातीवरच्या बोटभर बिल्ल्यासाठी एवढा आकांत कशाला? पुण्यात राहून मोहन बागानचा पक्ष घेणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न जरा जास्तच वेळा ऐकावा लागतो. त्याचं उत्तर एकदा नीट द्यायला हवं, कारण विचारणाऱ्यांचे मुद्दे अगदीच फुसके नाहीत.

आधी प्रकरण काय ते सांगतो. मोहन बागान 1889 चा. 1911 मध्ये ज्याच्या अकरांपैकी दहा खेळाडूंनी अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 हरवलं आणि आयएफए शिल्ड जिंकली, तो क्लब. जानेवारी 2020 मध्ये संजीव गोएंकांच्या आरपीएसजी समूहाने त्याच्या फुटबॉल विभागाची 80 टक्के मालकी घेतली. गोएंकांकडे कोलकात्याचाच दुसरा एक संघ आधीपासून होता, एटीके. 2014 मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर जन्मलेला आणि सुरुवातीला स्पेनच्या ॲटलेटिको माद्रिदचं नाव लावून खेळलेला. मार्च 2020 मध्ये एकाच आठवड्यात मोहन बागानने आय-लीगचं विजेतेपद पक्कं केलं आणि एटीकेने सुपर लीग जिंकली. मग दोघांची मोट बांधली गेली आणि नाव ठरलं एटीके मोहन बागान. हिरवा-मरून रंग राहिला, शिडाची होडी राहिली. फक्त चिन्हात तीन अक्षरं येऊन बसली. त्या तीन अक्षरांविरुद्ध कोलकात्याच्या चाहत्यांनी जवळजवळ तीन वर्षं 'रिमूव्ह एटीके'चा घोष लावून धरला.

पहिला आक्षेप इतिहासाचा आधार घेऊन येतो. नावं तर बदलतच आली आहेत, असं म्हणतात. खुद्द मोहन बागान जन्मला तेव्हा स्पोर्टिंग क्लब होता; पहिल्याच वर्धापनदिनी प्रेसिडेन्सी कॉलेजच्या रो नावाच्या प्राध्यापकांनी सुचवलं की इथे शिकार नाही, मासेमारी नाही, तर स्पोर्टिंग कसला; म्हणून तो ॲथलेटिक झाला. होडीच्या आधी चिन्हात वाघ होता. सगळं खरं. पण तो बदल घरातल्यांनी घरात बसून केला, आणि तोही पाळण्यातल्या मुलाचा. मोहन बागान हे दोन शब्द तेव्हाही कुणी हलवले नाहीत.

यापेक्षा अडचणीचं उदाहरण मँचेस्टर युनायटेडचं आहे, आणि ते मी लपवणार नाही. 1902 मध्ये न्यूटन हीथ हा कर्जबाजारी क्लब पैसेवाल्यांनी वाचवला, नाव बदललं, आणि एके काळी हिरवा-सोनेरी घालणाऱ्या त्या क्लबाला लाल रंग आला. आज त्या लाल रंगावर जगभर जीव ओवाळून टाकला जातो. म्हणजे मालकाने बदललेलं नावही रुजतं? रुजतं. मात्र 2010 मध्ये ग्लेझर कुटुंबाच्या मालकीविरुद्ध चाहते उठले तेव्हा त्यांनी गळ्यात मफलर कोणते घातले? हिरवे-सोनेरी. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी टाकून दिलेला रंग मालकाला हटकायला उपयोगी पडला. रंग म्हणजे नुसतं कापड असतं तर हे घडलं नसतं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आणि जास्त टोकदार: पैसा ज्याचा, पाटी त्याची. गोएंका आले नसते तर मोहन बागान सुपर लीगमध्ये कसा पोचला असता? शिवाय 1998 मध्ये मल्ल्यांच्या यूबी समूहाने मोहन बागानपुढे मॅकडॉवेल आणि ईस्ट बंगालपुढे किंगफिशर लावलंच होतं. दारूचं नाव चाललं, फुटबॉल संघाचं चालेना, हा कुठला न्याय?

उत्तर पुणेकराला तरी सोपं पडावं. गणपतीच्या मांडवाबाहेर कमानीवर कुणाची जाहिरात आहे यावरून मंडळात भांडण होत नाही. कमान दहा दिवसांनी उतरते. पण देणगीदाराने उद्या म्हटलं की शेजारच्या गल्लीतलं माझं मंडळ तुमच्यात मिळवा आणि त्याचं नाव तुमच्या नावाआधी लावा, तर पावतीपुस्तक त्याच्याच अंगावर भिरकावलं जाईल. मॅकडॉवेल कमानीवर होतं. एटीके हा दुसरा संघ होता, त्याला स्वतःचे चषक आणि स्वतःची लाल-पांढरी जर्सी होती. कालपर्यंत परका असलेला संघ आज आपल्या नावाच्या आधी, तोही आपल्याच चिन्हात!

आणि पैसा देणाऱ्याचा हक्क कुठवर पोचतो हे पाहायचं तर इंग्लंडमधलं हल शहर पाहा. असेम अल्लम यांनी 2010 मध्ये बुडीत निघालेला हल सिटी क्लब वाचवला. हे ऋण कुणी नाकारत नाही. पुढे त्यांना वाटलं की 'सिटी' फार सामान्य, जगात विकलं जाईल ते 'हल टायगर्स'. चाहत्यांनी विरोध केला. मोसमी तिकीटधारकांचं मतदान घेतलं गेलं तेव्हा 2,565 जण बदलाच्या बाजूने आणि 2,517 विरुद्ध निघाले. बदलवाले हा आकडा नाचवतात. पण मतपत्रिकेवर नुसतं 'टायगर्स हवं का' असं नव्हतं. 'अल्लम कुटुंब क्लब चालवत राहील आणि नाव टायगर्स' असा एक पर्याय होता. अशा प्रश्नाला मतदान म्हणायचं की दमदाटी? इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने 2014 मध्ये अर्ज फेटाळला, पुढच्या वर्षी पुन्हा फेटाळला. जानेवारी 2022 मध्ये अल्लम कुटुंबाने क्लब विकला. मालक गेला, हल सिटी आहे तिथेच आहे.

जिंकलात की सगळं विसराल, हे तिसरं पालुपद. कार्डिफ सिटीचे मालक व्हिन्सेंट टॅन यांचाही तोच हिशेब होता. 2012 मध्ये त्यांनी निळ्या पक्ष्यांच्या या क्लबाला लाल जर्सी घातली, चिन्हात पक्षी खाली चेपून वर ड्रॅगन बसवला. 2013 मध्ये संघ लाल रंगातच प्रीमियर लीगमध्ये पोचला. तरी जानेवारी 2015 मध्ये टॅनना निळ्यावर परत यावंच लागलं. आपल्याकडे तर याहून लख्ख पुरावा आहे. 18 मार्च 2023, गोव्यातलं फातोर्डा. सुपर लीगचा बेंगळुरूविरुद्धचा अंतिम सामना 2-2, पेनल्टीत 4-3, चषक हातात. त्या क्षणी गोएंका काहीही बोलले असते तरी टाळ्या पडल्या असत्या. त्यांनी जाहीर केलं की एटीके जाणार. चषकाने चाहत्यांचं समाधान होत नाही हे मालकालाच कळलं होतं.

मोबाइलच्या पडद्यावर चिन्ह सुटसुटीत दिसायला हवं, हा मुद्दा खरं तर चर्चेलाही घ्यायचा नाही. ॲटलेटिको माद्रिदने 2017 मध्ये असंच सुटसुटीत चिन्ह केलं. 2023 मध्ये सभासदांना विचारलं तर प्रचंड बहुमताने जुनं परत आलं. पडदा तेवढाच होता.

राहता राहिला पुण्याचा टोमणा. गोएंकांचाच क्रिकेट संघ 2016 मध्ये रायझिंग पुणे सुपरजायंट्स होता, 2017 मध्ये शेवटचा 'स' गळून सुपरजायंट झाला, नंतर संघच उरला नाही. तेव्हा तुम्ही का नाही रडलात? नाही रडलो. दोन मोसमांसाठी भाड्याने आलेलं नाव होतं ते. एफसी पुणे सिटी हा फुटबॉल क्लब 2019 मध्ये बंद पडला तेव्हा मात्र बालेवाडीला जाणाऱ्या पोरांना लागलं, कारण पाच मोसम म्हणजे नाव अंगवळणी पडायला सुरुवात झाली होती. गोव्याचे धेंपो आणि साळगांवकर तर उद्योगपतींचीच नावं लावतात. लावोत की! ती कालपरवा चिकटवलेली नाहीत. धेंपोच्या चाहत्याने धेंपोलाच जीव लावला. आक्षेप उद्योगपतीच्या नावाला कधीच नव्हता.

मग माझं म्हणणं काय? मालक, प्रशिक्षक, खेळाडू, सगळे येणारे-जाणारे. संघ खालच्या विभागात घसरला, दिवाळं निघालं, तरी जो उरतो तो चाहता. नाव, चिन्ह, रंग आणि शहर या चार गोष्टींची मालकी त्याची. बाकी सगळं मालकाचं: मैदान, पगार, तिकिटाचा दर, जर्सीवरची जाहिरात. हे भाबडं वाटत असेल तर ब्रिटनच्या संसदेने 2025 मध्ये फुटबॉलसाठी केलेला कायदा वाचावा. त्यानुसार चिन्ह आणि घरच्या जर्सीचा मुख्य रंग बदलायला देशातल्या चाहत्यांच्या बहुमताचा पाठिंबा लागतो, नाव बदलायला फुटबॉल असोसिएशनची मंजुरी.

आपल्याकडे कायद्याची वाट पाहत बसण्याचं कारण नाही. मोहन बागानला सभासद आहेत, ते मतदानाने पदाधिकारी निवडतात. त्यांच्या संमतीशिवाय या चार गोष्टींना हात लावता येणार नाही, हे कलम गुंतवणूकदाराशी होणाऱ्या करारात घालता येतं. हलसारखा जोडप्रश्न चालणार नाही हेही त्यातच लिहावं. गुंतवणूकदार पळेल म्हणता? नावाला किंमत आहे म्हणूनच तो आला होता. नाहीतर एटीके त्याच्याकडे होताच.

एक थकबाकी अजून आहे. 2023 मध्ये एटीके पुढून गेलं आणि 'सुपर जायंट' मागून आलं. घोषणेत ते अनेकवचनी होतं, कागदावर येईतो एकवचनी झालं. पुण्याची जुनी सवय, दुसरं काय. बरेच चाहते म्हणाले, पुढचं गेलं ना, मागचं चालेल. मला चालत नाही. पुढचा करार टेबलावर येईल तेव्हा ते दोन शब्दही कमानीवर जावेत, एवढी मागणी मी आत्ताच नोंदवून ठेवतो.