राष्ट्रपती थेट आपणच निवडायचा का?

नगराध्यक्षाच्या निवडणुकीनंतर टपरीवर चहा घेताना एका तरुण मित्राने विचारलं, "दादा, सरपंच आपण थेट निवडतो, नगराध्यक्ष थेट निवडतो, मग राष्ट्रपती का नाही? घटना बदला आणि आम्हाला मत द्या!"

प्रश्न रास्त आहे. टपरीवर नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आज राष्ट्रपतींना निवडून आलेले खासदार आणि आमदार निवडतात. २०२२ मध्ये ७७६ खासदार आणि ४०३३ आमदार, असे ४८०९ मतदार होते. एवढ्या मोठ्या देशात फक्त ४८०९ लोक हे पद ठरवतात, हे ऐकायला विचित्र वाटतं, मान्य. घटना समितीतही प्रा. के. टी. शहा यांनी थेट निवडणुकीची मागणी केली होती. नेहरू आणि आंबेडकरांनी ती मानली नाही. एवढ्या मतदारांची निवडणूक घेणं अवघड, हे एक कारण होतंच. पण खरा मुद्दा अधिकारांचा होता. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचं, मग त्यांना अख्ख्या देशाचा कौल कशासाठी?

हे पुस्तकी वाटत असेल तर पालिकेत या. बरीच वर्षं मी सर्वसाधारण सभांच्या बातम्या करतोय. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि नगरसेवकांचं बहुमत दुसऱ्याचं असलं की काय होतं, ते पाहिलंय. हा म्हणतो, "मला गावाने निवडलंय." ते म्हणतात, "मग आम्हाला काय शेजारच्या गावाने निवडलं?" दोघंही खरंच बोलतात. पाण्याच्या लाईनचा विषय मात्र पुढच्या सभेवर जातो.

हेच दिल्लीत झालं तर? आज राष्ट्रपती एखादं विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, पण संसदेने ते पुन्हा मंजूर केलं की संमती द्यावीच लागते. उद्या कोट्यवधी मतं घेऊन आलेला राष्ट्रपती म्हणाला, "मी नाही देत, जनता माझ्यामागे आहे," तर पंतप्रधान काय करणार?

तुर्कस्तानचं उदाहरण बघा. तिथे संसद राष्ट्राध्यक्ष निवडायची. २००७ मध्ये त्यावरून पेच झाला आणि जनमत घेऊन थेट निवडणूक आणली. सुमारे ६९ टक्के लोक 'हो' म्हणाले. २०१४ मध्ये एर्दोगान थेट निवडून आले. २०१७ मध्ये पुन्हा जनमत झालं, ५१ टक्क्यांच्या थोड्या वर कौल मिळाला आणि पंतप्रधानपदच गेलं. मत आधी आलं, अधिकार मागून आले.

सगळीकडे असंच होतं असं नाही. आयर्लंडमध्ये राष्ट्राध्यक्ष थेट निवडतात आणि तरी कारभार पंतप्रधानच बघतात. पण तो देश छोटा आहे, तिथली प्रथा पक्की आहे. आपल्याकडे व्यक्तिपूजा किती, हे मी सांगायला नको. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: राष्ट्रपती आहेत तसेच निवडले जावेत.

पण मित्राच्या प्रश्नात एक खरी तक्रार आहे, ती सोडून चालणार नाही. आपल्या मताला किंमत किती? थेट नगराध्यक्ष २०१६ मध्ये आला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये परत आला. प्रत्येक वेळी मुंबईत सरकार बदललं की आपल्या गावचा नियम बदलला. तुम्हाला-मला कुणी विचारलं? नाही.

राष्ट्रपतींच्या निवडीचं कलम असं बदलता येत नाही. संसदेत विशेष बहुमत लागतं, शिवाय निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी लागते. आपल्या नगराध्यक्षासाठी मात्र विधानभवनातलं साधं बहुमत पुरतं.

तेव्हा मित्रा, मागणी करायचीच तर ही कर: नगराध्यक्ष थेट असो वा नगरसेवकांतून, नियम एकदा ठरवा, त्याचे अधिकार स्पष्ट लिहा आणि सरकार बदललं म्हणून त्याला हात लावू नका. राष्ट्रपतिभवन लांब आहे. पालिकेची सभा आपल्याच बसस्टँडमागे भरते.

मतभेद असतील तर खाली जरूर लिहा. फक्त भाषा सांभाळा.