ओल कोंडणारी दुरुस्ती थांबवा

पाऊस ओसरला की मुंबईत शीवमधल्या जुन्या इमारतींत मिस्त्री येतात. तळमजल्यावर पोपडे सुटलेले असतात, भिंतीला लोणा लागलेला असतो. उपाय ठरलेला: चुन्याचा गिलावा खरवडायचा, सिमेंटचा मारायचा, वर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट. काही काळ भिंत कोरडी दिसते. मग ओल हातभर वर सरकून पुन्हा बाहेर येते.

वीट-चुन्याची जाड भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि कोरड्या दिवसांत ते बाहेर टाकते. सिमेंट ही वाट अडवते. पाणी मग विटांतून वर चढते, क्षार गिलाव्याआड साचतात, विटांचा भुगा होऊ लागतो. भिंतीत रोवलेल्या लाकडी तुळयांची टोकेही कुजतात, आणि रंगामुळे ते वेळेवर दिसत नाही. धोका इथेच आहे.

उष्णतारोधनातही हीच गफलत होते. युरोपात ऊब घरात आणि गारठा बाहेर, म्हणून तिथे बाष्प अडवणारा पडदा भिंतीच्या आतल्या अंगाला लावतात. मुंबईत दमट हवा बाहेर आणि एसीचा गारवा आत. इथे भिंतीवर विनाइलचा वॉलपेपर चिकटवला की बाहेरून आत येणारे बाष्प त्याच्यामागे अडकते आणि बुरशी धरते. शिवाय दीड फुटी भिंत तापायला मुळातच वेळ लागतो. वरच्या मजल्याला भाजून काढते ती गच्ची. पैसे तिथल्या पांढऱ्या चायना मोझॅकवर घालावेत.

भिंत सुकायला उजेड-वाराही लागतो. 1896च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर, माटुंगा, शीवच्या योजना त्याच्याच. ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आणला: समोरच्या इमारतीच्या उंचीच्या साधारण निम्मी जागा मोकळी राहावी, म्हणजे खालच्या खोलीतही उजेड पोचेल. त्याच उजेडा-वाऱ्याने भिंतीही सुकत. आता गॅलऱ्या काचेने बंद झाल्या, झरोके बुजले.

शीव-माहीमपर्यंतच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींची दुरुस्ती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे असते. मंडळाने वीट-चुन्याच्या प्रत्येक इमारतीच्या अंदाजपत्रकात चुन्याचा गिलावा धरावा, आणि तो जाणणारा गवंडीही. रहिवाशांनीही रंगाआधी पन्हळ, मोरीचा गळका पाइप आणि भिंतीत रुजलेला पिंपळ यांची कामे मागावीत. ती झाल्यावर भिंतीला सुकायला निदान एक उन्हाळा द्यावा. गिलाव्याचे काम त्यानंतर काढावे.