पुराव्याचा काटा एकच हवा

सीमाभागातील मराठी माणसाला पुराव्याचे मोल कोणी शिकवावे लागत नाही. जुने उतारे, शाळांचे दाखले, जनगणनेचे आकडे, ग्रामपंचायतींचे ठराव हे सारे आमच्याकडे घराघरांत जपून ठेवलेले असते. १९६७ च्या महाजन अहवालाने निपाणी महाराष्ट्राला देऊ केली आणि बेळगाव कर्नाटकात ठेवले. एका ठिकाणी एक निकष आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरा, ही आमच्या वडीलधाऱ्यांची त्या अहवालाविषयीची मुख्य तक्रार होती, आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्यामागेही तीच आहे. परंतु हाच मराठी वाचक ख्रिस्ताच्या इतिहासाचा विषय निघाला की काटा बाजूला ठेवतो. या विसंगतीविषयी आम्हांला येथे लिहावयाचे आहे.

विसंगती दोन प्रकारची आहे. पहिलीत ख्रिस्ताविषयी कोणतीही गोष्ट पुराव्यावाचून खपते. गणेश दामोदर सावरकर यांचे 'ख्रिस्त परिचय' हे पुस्तक १९४६ मध्ये निघाले आणि २०१६ मध्ये मुंबईत पुन्हा प्रकाशित झाले. येशू हा तमिळ ब्राह्मण होता, त्याचे मूळ नाव केशव कृष्ण होते, क्रुसावरून तो वाचला आणि त्याने हिमालयात देह ठेवला, असे त्यातील प्रतिपादन आहे. बाबारावांच्या त्यागाविषयी आम्हांला पूर्ण आदर आहे. अंदमान भोगलेल्या माणसाविषयी हलक्या शब्दांत बोलण्याचा अधिकार आमच्यापैकी कोणालाही नाही. परंतु त्यागाने विधान सिद्ध होत नाही. पहिल्या शतकातील एकही कागद, एकही शिलालेख या कथेच्या बाजूने उभा नाही.

ख्रिस्ताला हिंदुस्थानात आणणाऱ्या कथांत सर्वांत गाजली ती निकोलस नोटोविच या रशियन प्रवाशाची. लडाखमधील हेमिस मठात आपण ईसाचे चरित्र ऐकले, असे त्याने १८९४ मध्ये छापले. ज्यांच्या वेदसंशोधनाचे दाखले आम्ही उठताबसता देतो त्या मॅक्स म्युलर यांनी त्याच वर्षी त्यावर गंभीर शंका घेतल्या. १८९५ मध्ये डग्लस नावाचे प्राध्यापक हेमिसला गेले. तेथील प्रमुख लामाने असा कोणताही ग्रंथ मठात नसल्याचे सांगितले. पुढे १९२२ मध्ये स्वामी अभेदानंदांनी ते हस्तलिखित पाहिल्याचे सांगितले, पण विद्वानांनी तपासावे असे ते हस्तलिखित आजवर कोणी पुढे ठेवलेले नाही. जमिनीच्या दाव्यात असा उतारा घेऊन कोणी आला, तर बेळगावच्या कचेरीतला कारकूनही त्याला परत पाठवील.

दुसरी विसंगती नेमकी उलटी. जेथे पुरावा आहे तेथे तो वाचायचाच नाही, आणि 'ही सारी मंडळी भाकरीसाठी बाटली' असे म्हणून मोकळे व्हायचे. या बाबतीत बेळगावकरांची जबाबदारी अधिक आहे, कारण बाबा पदमनजी आमच्या गावचे. १८३१ मध्ये ते येथे जन्मले, येथल्या मिशनच्या शाळेत शिकले, मुंबईस जाऊन परमहंस सभेत वावरले आणि १८५४ मध्ये बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'यमुनापर्यटन' या १८५७ च्या कादंबरीमुळे मराठी वाङ्मयेतिहासात त्यांना एक परिच्छेद मिळतो. १८८८ च्या 'अरुणोदय' या आत्मचरित्राचाही उल्लेख होतो, पण बहुधा समाजदर्शन म्हणून. त्या पुस्तकात एक माणूस वर्षानुवर्षे प्रश्न विचारतो, वाचतो, अडतो आणि मग निर्णय घेतो, याकडे समीक्षक पाहतच नाहीत. बेळगावात १९२९, १९४६ आणि २००० अशी तीन साहित्य संमेलने भरली. एवढ्या मराठीप्रेमी गावात त्यांच्या विचारांविषयी इतके मौन असावे, हे आम्हांला शोभत नाही.

भाकरीच्या आक्षेपाला तर पदमनजी, नारायण वामन टिळक, पंडिता रमाबाई यांची चरित्रेच पुरे आहेत. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्या घराने काय सोसले ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त ज्याने वाचले, तो सोयीची भाषा करणार नाही. दुष्काळात पोटासाठी आणि गावकुसाबाहेर मानासाठीही लोक ख्रिस्ती झाले, हे आम्ही नाकारीत नाही. पण भुकेल्याने धरलेले मत भुकेमुळे खोटे ठरते, हा न्याय कोणत्या तर्कशास्त्रातला?

आमच्या पूर्वजांनी हा न्याय लावला नव्हता. जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये 'मतपरीक्षा' हा ग्रंथ संस्कृतात लिहून ख्रिस्ती मताची प्रमाणे मांडली, तेव्हा सोमनाथ या नावाने सुबाजी बापूंनी संस्कृतातच उत्तर दिले. नीलकंठशास्त्री गोरे यांनी १८४४ मध्ये 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून ख्रिस्ती मताचे खंडन केले, आणि चारच वर्षांनी, वादाचा पुरता विचार करून, स्वतः बाप्तिस्मा घेतला. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद करीत होते. विष्णुबावांनी ख्रिस्ती मत खोडले ते प्रतिपक्षाचे म्हणणे समोरासमोर ऐकून घेऊन. आजच्या टोमण्यांपेक्षा त्यांचा विरोध ख्रिस्ती मताचा अधिक सन्मान करणारा होता.

आता पुरावा. रोमन इतिहासकार टॅसिटस याने सुमारे ११६ मध्ये लिहिले की ख्रिस्ताला तिबेरियसच्या राज्यात पिलाताने देहान्त शिक्षा दिली. टॅसिटस ख्रिस्ती लोकांचा तिरस्कार करतो, त्यांच्या धर्माला घातक अंधश्रद्धा समजतो. प्रतिपक्षाच्याच दप्तरात आपल्या बाजूचा कागद सापडला की त्याचे वजन किती वाढते, हे सीमाभागात समजावून सांगावयास नको. यहुदी इतिहासकार योसेफस याने येशूचा भाऊ याकोब याच्या वधाची नोंद केली आहे. पिलाताचे नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये कैसरियात सापडला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र. ते सुमारे ५४-५५ सालचे, म्हणजे क्रुसानंतर पंचवीसएक वर्षांतले. पुनरुत्थित येशूला कोणी कोणी पाहिले त्याची यादी त्यात आहे, ती आपण इतरांकडून स्वीकारली असे पौल सांगतो, आणि त्यांतील बहुतेक साक्षी अद्याप जिवंत आहेत असेही नमूद करतो. याकोब आणि पेत्र यांना तो स्वतः भेटला होता.

महिपतीचा 'भक्तविजय' १७६२ चा, तुकोबांच्या निर्याणानंतर शंभराहून अधिक वर्षांचा. महिपतीतील चमत्कार वगळूनही आम्ही त्यातून इतिहास काळजीपूर्वक वेचतो, आणि तुकोबा झालेच नाहीत असे कोणी म्हणत नाही. मग पंचवीस वर्षांच्या अंतरावरील पत्राला 'दंतकथा' म्हणून निकालात काढणारा वाचक कोणता काटा वापरतो?

हाच काटा ख्रिस्ती प्रचारकांनाही लावला पाहिजे. योसेफसच्या अठराव्या भागातील येशूविषयीचा मोठा उतारा पुढे ख्रिस्ती लेखनिकांच्या हातून वाढवला गेला, हे बहुतेक विद्वान मानतात. तरी व्याख्यानांत तो जसाच्या तसा वाचला जातो. शुभवर्तमानांतील परस्परभेद झाकण्याची सवयही तशीच. साक्षीदारांच्या जबान्यांत थोडा फरक असणे स्वाभाविक आहे, पण तो फरक आहे हे आधी कबूल करावे लागते.

या साऱ्याने पुनरुत्थान सिद्ध झाले काय? क्रूस, शिष्यांची खात्री आणि त्या खात्रीचा झपाट्याने झालेला प्रसार, येथवर इतिहास भक्कमपणे येतो. त्या खात्रीचे कारण काय, भास, फसवणूक की प्रत्यक्ष घटना, हे ठरविताना ईश्वर आहे की नाही याविषयीचे ज्याचे त्याचे मत आड येते. आमचे म्हणणे असे की फसवणुकीचा तर्क टिकत नाही. याकोबासारख्यांनी त्या साक्षीपायी प्राण दिले. भासाचा तर्क पौलासारख्या वैऱ्याला सहज लागू पडत नाही, कारण त्याला असे काही दिसावे अशी इच्छाच नव्हती. म्हणून पदमनजींनी आणि गोऱ्यांनी जो निष्कर्ष काढला तो विचारी माणसाला काढता येण्याजोगा होता. कोणाला तो चूक वाटत असेल तर त्याने विष्णुबावांप्रमाणे पुढे यावे. ही पत्रिका त्याचे उत्तर छापील. मात्र उत्तर लिहिण्यापूर्वी 'अरुणोदय' आणि विष्णुबावांचा समुद्रकिनारीचा वाद ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, एवढी एकच अट राहील.