शाळेचा धनी कोण?



एखाद्या श्रीमंताने शाळेला पैसा दिला की आपण हारतुरे घेऊन धावतो. पैसा जरूर घ्यावा. पण शाळेचा कारभारही त्याच्याच हाती सोपवावा काय? अमेरिकेतील रीड हेस्टिंग्ज यांचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे.

हेस्टिंग्ज हे नेटफ्लिक्स कंपनीचे एक संस्थापक. तरुणपणी, १९८३ ते १९८५ या काळात, ते आफ्रिकेतील स्वाझीलँड (आजचे एस्वातिनी) येथे गणित शिकवीत. पुढे संगणकशास्त्र शिकून १९९१ साली त्यांनी प्युअर सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. हाती पैसा आल्यावर त्यांनी शिक्षणात लक्ष घातले. कॅलिफोर्निया राज्यात शाळाबांधणीच्या कर्जरोख्यांसाठी दोन-तृतीयांश मते लागत. २००० साली ती अट ५५ टक्क्यांवर आणणारा प्रस्ताव मतदारांनी मंजूर केला. त्याच्या प्रचाराला हेस्टिंग्ज यांनी मोठी रक्कम दिली होती. त्याच वर्षी राज्य शिक्षण मंडळावर त्यांची नेमणूक झाली आणि २००१ साली ते अध्यक्ष झाले.

गाडी अडली ती भाषेपाशी. त्या राज्यात घरी स्पॅनिश बोलणारी कष्टकऱ्यांची मुले फार. या मुलांना इंग्रजी अधिक शिकवा, भाषेच्या चाचण्या घ्या, असा हेस्टिंग्ज यांचा आग्रह. दोन्ही भाषांतून शिक्षण मागणाऱ्यांनी विरोध केला. अखेर २००५ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या लोकप्रतिनिधींनी त्यांच्या नेमणुकीला मान्यता नाकारली. ते स्वतः त्याच पक्षाचे देणगीदार, तरीही!

मग आपल्याला इंग्रजी नको काय? हवीच! बाबासाहेबांनी आपले दुःख जगापुढे मांडले ते याच भाषेत. परंतु पोर घरी कोणती भाषा बोलते, वर्गात कुठे अडते, हे त्याच्या आईला ठाऊक असते. तिला न विचारता केलेली सुधारणा, हेतू कितीही चांगला असला तरी, वरून लादलेलीच ठरते.

याच हेस्टिंग्ज दांपत्याने २०२० साली कृष्णवर्णीयांची दोन महाविद्यालये आणि एक शिष्यवृत्ती निधी यांना मिळून १२ कोटी डॉलर दिले. हे दान मला अधिक मोलाचे वाटते, कारण ते त्या समाजाने पिढ्यान्पिढ्या जोपासलेल्या संस्थांना मिळाले. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, तीही आपल्या शिक्षणाची सूत्रे आपल्या हाती यावीत म्हणूनच ना?

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व पालिकेच्या शाळांत व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण ५० टक्के महिला असाव्या लागतात. पण सभेची नोटीस आली की आपण म्हणतो, "खाडा कोण करणार? मजुरी बुडेल." मग कोरे रजिस्टर घरोघर सहीला फिरते.

भगिनींनो, पुढच्या सभेला जा. सही करण्याआधी ठराव वाचून घ्या. वाचता येत नसेल तर लेकीला वाचायला सांगा. शाळेचे खरे धनी आपणच आहोत!

जयभीम!